गिन्यांची द्वादशी

साहेब अण्णांना गिन्या देणार आहे, ही बातमी आमच्या शहापूरच्या घरात आक्कानं फोडली. तिनं ती अण्णांच्याच तोंडून ऐकली होती, पण अर्धी. अण्णा म्हणजे माझे वडील. बेळगावच्या कॅम्पात एका साहेबाच्या कचेरीत ते कारकून होते, पण अजून कायम झालेले नव्हते, आणि ही गोष्ट आमच्या घरात रोजच्या जेवणात मीठ असावं तशी प्रत्येक बोलण्यात असायची. आक्का ही अण्णांची थोरली बहीण. ते आक्का म्हणत म्हणून आम्हीही आक्काच म्हणत असू. तिचं लग्न झालं तेव्हा ती परकरात होती आणि नवरा गेला तेव्हाही परकरातच होती. तेव्हापासून ती आमच्याकडे. स्वयंपाकघर, देवघर आणि पंचांग अशी तीन खाती तिच्याकडे होती. तिसऱ्यासाठी तिला कागद लागत नसे. झोपेतून उठवून विचारलं तरी ती आजची तिथी आणि ती किती घटकांवर सुटते ते सांगायची.

तर अण्णा ओसरीवर आईला सांगत होते, साहेब सहकुटुंब विलायतेला रजेवर चाललाय आणि परत येईपर्यंत त्याच्या मुलीच्या गिनी-काहीतरी आपल्याकडं ठेवायला देतोय. आक्का आत ताक घुसळत होती. रवीच्या आवाजात तिला 'मुलीच्या गिनी' आणि 'ठेवायला' तेवढं ऐकू आलं. गिनी म्हणजे सोन्याचं नाणं हे तिला ठाऊक होतं, आणि साहेबाच्या मुलीच्या गळ्यात त्यांची माळ असणार हे तिनं स्वतःच ठरवलं. तिनं लगेच देवघरातली पितळेची पेटी रिकामी केली, आतल्या जुन्या जपमाळा दुसरीकडे हलवल्या आणि पेटी चिंचेनं घासून लख्ख केली. ठेव जोखमीची आहे, कुणाजवळ बोलू नका, असं तिनं आम्हाला बजावलं आणि स्वतः शेजारी जाऊन सांगून आली.

दुसऱ्या दिवशी टांग्यातून जाळी लावलेलं लाकडी खोकं आलं. आत दोन गिन्या होत्या. एक पांढरी-तांबडी, एक काळी. त्या हलत होत्या.

आक्का पितळेची पेटी हातात धरून दारात उभी होती. मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजीचं दुसरं पुस्तक वाचत होते आणि मला ते कुणाला तरी सांगायची घाई असायची. अण्णा म्हणाले, "ह्यांना गिनीपिग म्हणतात." मी म्हणाले, "पिग म्हणजे डुक्कर."

आक्कानं पेटी खाली ठेवली नाही, पण पदर सावरून चार पावलं मागे गेली. "रामा रामा! डुक्कर? ह्या घरात?"

"आक्का, नुसतं नावाचं डुक्कर हाय गं ते," अण्णा म्हणाले. "तसं बघायला गेलं तर उंदराच्या जातीतलं."

यानं काम सोपं झालं नाही. पण साहेबाला नाही म्हणणं शक्य नव्हतं हे आक्कालाही कळत होतं. तिनं विचारलं, "खातंय काय?"

"गवत. पाला."

"मासमच्छी?"

"न्हाई."

"कांदा-लसूण?"

अण्णांनी आठवून पाहिलं. "मडम म्हणाली, कांदा-लसूण देऊ नका."

"मग ते आपल्यातलंच," आक्का म्हणाली आणि पेटी परत देवघरात ठेवायला गेली. माणसाची परीक्षाही ती अशीच घेत असे. पुढं आयुष्यात मी मोठमोठ्या लोकांना माणसाची पारख करताना पाहिलं, पण इतक्या थोड्या प्रश्नांत कुणाचं काम भागलेलं पाहिलं नाही.

मडमनं अण्णांना निघताना आणखी बऱ्याच सूचना दिल्या होत्या. पण अण्णांचं इंग्रजी कागदावरचं. समोरचं माणूस भराभर बोलायला लागलं की त्यांना वाक्याचा मधला तुकडाच तेवढा मिळे. त्यांनी सगळ्याला 'येस मॅडम' म्हटलं होतं आणि घरी येताना तीन गोष्टी आणल्या होत्या. कांदा-लसूण नको, मांजर जवळ नको, आणि वल्लं गवत अजिबात नको, त्यानं पोट फुगतं. उरलेलं मडमबरोबर बोटीत गेलं.

सुरुवातीचे दिवस मात्र मजेत गेले. खोकं परसातल्या पडवीत ठेवलं होतं. आई भाजी निवडायला बसली की कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला, कोबीची वरची पानं सगळं तिकडं जायचं. त्यांना विळीचा आवाज कळायला लागला. आईनं विळी आपटून पाट मांडला की पडवीतून शिट्ट्या सुरू व्हायच्या, आणि त्या इतक्या मोठ्या की एकदा रस्त्यानं जाणारा फौजदार थांबून कोण शिट्टी मारतंय म्हणून विचारून गेला. नाव गिन्याच राहिलं. आक्काला डुक्कर म्हणायचं नव्हतं आणि उंदीरही म्हणायचं नव्हतं.

मग एका सकाळी मी खोक्यात डोकावले तर दोनाच्या पाच झाल्या होत्या. पिल्लं आंधळी, उघडी, लालबुंद असतील असं मला वाटलं असतं, पण ही अंगावर केस, उघडे डोळे आणि तोंडात दात घेऊन आली होती. काळी आई बाजूला पडून होती आणि तिची लेकरं जन्माला येऊन एक रात्र होते न होते तोच कोबीचं पान कुरतडत होती. मी ओरडतच आत गेले. दात म्हटल्यावर माझी आई हातातलं काम टाकून उभी राहिली. दात घेऊन जन्मलेलं पोर मामाला भारी असतं असं आमच्याकडे मानत, आणि आईचा एकुलता भाऊ निपाणीला तंबाखूच्या वखारीत होता. पिल्लं झाली आमच्या घरात, तेव्हा त्यांचा मामा कोण धरायचा हा प्रश्न तिला पडला.

"ह्यांचा मामा विलायतेत," आक्कानं निकाल दिला. "त्याचं तो बघून घेईल." आईनं तरीही निपाणीला खुशालीचा निरोप पाठवला.

त्यातलं सगळ्यात लहान पिल्लू हिंगाच्या खड्यासारखं तपकिरी होतं, म्हणून मी त्याला हिंगी म्हणायला लागले. ती माझ्या तळहातावर बसायची आणि माझ्या बोटाचं टोक कोथिंबिरीची काडी आहे की काय ते दातानं हळूच बघायची. मला धाकटं भावंड नव्हतं. होऊन गेली होती, राहिली नव्हती. हिंगीवर माझा जीव बसला, हे सरळच सांगते.

अशात आषाढी एकादशी आली आणि आमच्या घरात शाकव्रत लागलं. ज्यांच्याकडे ते नसतं त्यांच्यासाठी सांगते. आमच्या मठाच्या पद्धतीत चातुर्मासाचे चार महिने चार गोष्टी सोडायच्या असतात, आणि पहिल्या महिन्यात सोडायची असते ती भाजी. भाजी म्हणजे पालेभाजी, फळभाजी, फळं, मिरची, चिंच, मोहरी, सगळं. महिनाभर मुगाचं वरण, भात, दही, तूप, मिरचीच्या जागी मिरी आणि आंबटाला कैरीच्या वाळक्या फोडी. कोथिंबिरीचं पान दिसत नसे. वडगावहून भाजी घेऊन येणारी यल्लूबाई महिनाभर आमचं दार टाळून पुढच्या घरी जायची. आक्काचा नेम होता की भाजी उंबऱ्याच्या आतच येऊ द्यायची नाही. तिच्या मालकीचं जगात दुसरं फारसं काही नव्हतं, पण इतक्या वर्षांत एकदाही न मोडलेलं व्रत होतं, आणि ते ती सोनं सांभाळावं तसं सांभाळायची.

अण्णांनी एकदा चाचरत विचारलं, "आक्का, त्या गिन्यांना तेवढं..."

"घरात ऱ्हातात न्हवं? मग घरचं व्रत पाळतील," आक्का म्हणाली. "पुण्य काय वाया जातंय?" आणि तिनं शेजारी सांगूनही टाकलं की आमच्याकडे विलायतेची जनावरंसुद्धा शाकव्रत करतात. दोन-तीन बायका बघून गेल्या. एकीनं लांबून हात जोडले.

राहिलं गवत. गवत शाकात मोडत नाही, ते गाईचं, तेव्हा त्याला आक्काची हरकत नव्हती. पण बेळगावात त्या दिवसांत सुकं गवत कुठून मिळणार? सगळं भिजून चिंब. आणि वल्लं द्यायचं नाही ही मडमची आज्ञा. मग आम्ही तोड काढली. पावसाळ्यात कपडे वाळवायला आम्ही शेगडीत निखारे घालून वर बुरडाची मोठी टोपली पालथी घालत असू. त्या टोपलीवर मी रोज हिरवंगार गवत पसरायची आणि ते पिवळं होऊन हातात कुरकुर वाजेपर्यंत भाजून काढायची. मग ते गिन्यांना. जोडीला भिजवलेले मूग आणि भात. पडवीला धुराचा आणि भाजल्या गवताचा छान वास सुटायचा. मडमची आज्ञा पाळली, आक्काचं व्रत पाळलं, आणि दोन्हींच्या मध्ये ती जनावरं बसवली, हे आमच्या कुणाच्याही लक्षात आलं नाही. आम्हाला वाटत होतं, आमच्याइतकी निगा विलायतेतही होत नसेल.

विळीचा आवाज बंद झाला होता, म्हणून शिट्ट्या बंद झाल्या असं मी धरून चालले. पण मग थोरल्या गिन्या खोक्याच्या कोपऱ्यात फुगून बसायला लागल्या. पिल्लांचे केस उभे राहिले. हिंगीला उचललं की ती किंचाळायची, पूर्वी कधीच किंचाळत नसे. एके दिवशी ती माझ्याकडे यायला निघाली तेव्हा तिचे मागचे पाय आलेच नाहीत. ते ओढत ती निम्म्यावर आली आणि थांबली.

अण्णा तिला फडक्यात गुंडाळून कॅम्पातल्या गुरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले आणि मी बरोबर गेले. डॉक्टर धारवाडकडचे, कानडी. त्यांनी हिंगीचं तोंड उघडून बघितलं. हिरड्यांतून रक्त येत होतं. गुडघे दाबले तशी ती ओरडली.

"हिरवं काही देता काय?" त्यांनी विचारलं.

अण्णा म्हणाले, "आमच्याकडं शाकव्रत आहे."

डॉक्टरांनी अण्णांकडे पाहिलं, मग हिंगीकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरची सुरकुतीही हलली नाही. "ह्यांनी संकल्प सोडला होता काय?" ते म्हणाले. मग नीट समजावून सांगितलं. ताज्या हिरव्यात आणि आंबट फळात एक सत्त्व असतं. गाय, कुत्रं, मांजर ते पोटातच तयार करतात. माणसाला आणि ह्या जनावराला ते जमत नाही, ते रोज बाहेरून खावं लागतं. गवत भाजलं की ते जातं. वाढत्या पिल्लाला तर जास्तच लागतं. "लवकर सुरू करा," ते म्हणाले. "औषध म्हणून माझ्याकडे दुसरं काही नाही."

परतताना टांगा घराजवळ आल्यावर अण्णा म्हणाले, "साहेबाला काय सांगू? पोरीची जनावरं उपाशी मारली आणि आता मला कायम कर?" मला साहेबाचं काही पडलं नव्हतं. फडक्यातून हिंगीचं नाक तेवढं बाहेर होतं आणि ते हलत होतं.

त्या दिवशी वद्य दशमी होती, व्रताचा निम्मा महिना सरला होता. अण्णांनी सगळं आक्काच्या कानावर घातलं, पण भाजी आणू का असं विचारलं नाही. थोरल्या बहिणीचं व्रत मोडायला सांगण्यापेक्षा त्यांनी नोकरी सोडली असती. दुसरा दिवस एकादशीचा. आक्का त्या दिवशी पाणीसुद्धा घेत नसे. दुपारी मी पडवीत हिंगीपाशी बसले होते तेव्हा ती आली. सोवळ्यात होती. मला म्हणाली, "सरक." आणि खाली बसून तिनं हिंगीला उचललं. आजवर तिनं त्या खोक्याला बोट लावलं नव्हतं. हिंगी ओरडली. आक्कानं तिचे मागचे पाय आपल्या बोटांवर धरून पाहिले. "माझ्या व्रतानं झालं व्हय गं हे?" तिनं मला विचारलं. ती उठली, विहिरीवर जाऊन थंड पाण्यानं परत आंघोळ केली आणि देवापाशी जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत.

आता आमच्या परसातल्या झाडाबद्दल सांगायला हवं. ते हादग्याचं होतं. आक्का त्याला कानडीत अगसे म्हणायची. गिन्यांचं खोकं त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होतं, पण त्याला आक्काखेरीज कुणी हात लावत नसे, कारण ते द्वादशीचं झाड होतं. एकादशी सोडताना पारण्याला अगसेचा पाला आणि आवळा लागतो, आणि शाकव्रतात सगळी भाजी बंद असली तरी द्वादशीच्या दिवशी एवढी एक भाजी चालते.

उजाडता उजाडता आक्कानं मला हाक मारली. तिच्या हातात आकडीची काठी होती. तिनं डहाळी खाली ओढली, मी पाला तोडला. पाला पावसानं भिजलेला होता. आक्कानं आपलं वाळकं सोवळ्याचं लुगडं चुलीपुढं अंथरलं, त्यावर पाला पसरला आणि एक एक पान पुसायला बसली. "मडम वल्लं देऊ नको म्हणालीय," ती म्हणाली. पोटात आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब नव्हता. पुसलेला पाला तिनं ताटलीत घातला, वाळका आवळा पाण्यात कुस्करून वाटीत घेतला आणि पडवीकडे निघाली.

"आक्का, तुझं पारणं?" अण्णा म्हणाले.

"ह्यांचं आधी."

थोरल्या गिन्यांनी पाला ओढून घेतला. पिल्लं पुढं आली. हिंगी उठली नाही. आक्कानं कोवळं पान चुरून तिच्या ओठांशी धरलं आणि आवळ्याच्या पाण्याचं बोट लावलं. बराच वेळ काही झालं नाही. मग तिचे दात हलले. आक्का ते पान संपेपर्यंत वाकून बसली, आणि मगच आत जाऊन जेवली.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी झाली. सकाळी आक्का पुन्हा आकडी घेऊन झाडाखाली. अण्णांना राहवलं नाही. "आक्का, आज त्रयोदशी."

"आपली. ह्यांची द्वादशी."

"ती कशी?"

"रात्रभर ह्यांनी भाजीला तोंड लावलं काय?"

"न्हाई."

"मग झाली एकादशी. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी काय येतंय?"

मी तेव्हा गप्प बसायला शिकले नव्हते. "पण आक्का, रात्रभर त्या वाळकं गवत खातात."

"तो फराळ," आक्का म्हणाली.

महिन्याच्या उरलेल्या दिवसांत आमच्या पडवीत रोज एकादशी झाली आणि रोज द्वादशी उजाडली. घरात आम्ही शाकव्रत पाळत होतो आणि हाताच्या अंतरावर अगसेचा पाला उडत होता, आणि कुणाचंच काही मोडलं नव्हतं. शाकव्रत संपल्यावर आक्कानं गिन्यांचं खाणं आपल्याच हातात ठेवलं. सकाळी हिरवं, कोथिंबीर नाहीतर मुळ्याचा पाला. दुपारी पेरूची एक फोड, जास्त नाही, गोडानं पोट बिघडतं. गवत दिवसभर, पाणी झटकून आणि पुसून, पण शेगडीवर नाही. मूग मूठभरच. बटाटा बंद, कांदा-लसूण तर बंदच. डॉक्टर एकदा वाकडी वाट करून बघायला आले तेव्हा त्यांना यात बदलण्यासारखं काही सापडलं नाही. हिंगीचे पाय आले. एक जरा वाकडा राहिला, पण त्या पायावर ती सगळ्यांच्या आधी पाल्यापर्यंत पोचायची. विळी आपटली की शिट्ट्या सुरू.

थंडी पडायला लागली तसा साहेब परत आला. मडम आणि तिची मुलगी स्वतः खोकं न्यायला आल्या आणि गुबगुबीत गिन्या बघून मडमला काय करू आणि काय नको असं झालं. काय खायला घातलं, तिनं विचारलं. अण्णा गडबडले, आणि खरं तेच बोलून गेले. "एव्हरी डे द्वादशी, मॅडम." मडमनं तो शब्द तीनदा घोकला. पुढं आठवडाभर तिचा माळी शहापूरच्या बाजारात द्वादशीचं रोप कुठं मिळतं म्हणून विचारत हिंडत होता. यल्लूबाईनं त्याला मेथीची जुडी दिली. अण्णा त्या वर्षी कायम झाले. हिंगी खोक्याबरोबर कॅम्पात गेली. मी रडले, आणि आक्का विळी आपटायची थांबली. बरेच दिवस ती भाजी हलक्या हातानं चिरायची.

माझी नात परवा सांगत होती, आता गिनीपिगांचं खाणं पाकिटात मिळतं, त्यात सगळी सत्त्वं मोजून घातलेली असतात. असतील.

आक्का शेवटी पडून राहिली तेव्हा मी खानापूरला सासरी होते. निरोप आला तशी आले. पुन्हा शाकव्रताचाच महिना होता. गेली काही वर्षं ती तसंही मूग-भाताखेरीज काही घेत नसे. पाय उचलत नव्हते, आणि चूळ भरली की पाणी तांबडं व्हायचं. डॉक्टर नवे होते, तरुण. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हिरवं काही देता का ह्यांना?" मला उभ्या उभ्या पडवी दिसली. मी परसात गेले. जुनं झाड पडलं होतं, पण त्याच्या शेंगेतून उगवलेलं दुसरं होतं. पाला काढला, शिजवला, वाळका आवळा दह्यात कालवला, आणि ताटली घेऊन तिच्यापाशी बसले.

"आक्का, आज द्वादशी."

त्या दिवशी चतुर्थी होती. जिनं आयुष्यात एक तिथी चुकवली नाही ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिच्या डोळ्याला डोळा देववेना. मग ती म्हणाली, "रात्री मी काय खाल्लं?"

"काही न्हाई."

"मग हाय की द्वादशी." आणि तिनं तोंड उघडलं. मी घास दिला. तो तिनं हळूहळू चावला, गिळला, आणि पुढच्या घासाला तोंड उघडण्याआधी माझा हात धरून विचारलं, "पानं पुसून घेतलीस न्हवं गं?"